मत घराच्या मालकाचं, की घरात राहणाऱ्याचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही नवी मुंबईच्या घणसोलीतल्या एका सोसायटीचे सचिव आहात. इमारतीतली काही भाडेकरू कुटुंबं आणि रात्रपाळीचा वॉचमन मतदार नोंदणीसाठी सोसायटीचं ना हरकत पत्र मागतायत. कमिटीत यावरून जुंपली आहे. एका सभासदाचं म्हणणं, मालमत्ता कर आम्ही भरायचा आणि आमचा नगरसेवक या अकरा महिन्यांच्या पाहुण्यांनी ठरवायचा, हे कसं? दुसरे निवृत्त गृहस्थ म्हणतात, मतदानाला निदान दहावीची अट तरी असायला हवी. पत्र द्यावं का, आणि या दोघांच्या म्हणण्यात काही तथ्य आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. नोकरीची बरीच वर्षं ऐरोली विधानसभा मतदारसंघात बीएलओ, म्हणजे मतदार यादीसाठी घरोघरी फिरणारी केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून दारं ठोठावली, पुढे पर्यवेक्षक झाले, मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षाच्या खुर्चीतही बसले. माझं उत्तर त्या टेबलाच्या बाजूचं आहे, हे धरून वाचा.

पत्राचं आधी मिटवते. सोसायटीच्या ना हरकत पत्राची कायद्यात अटच नाही. नमुना ६, म्हणजे नवीन नाव नोंदवायचा अर्ज, भरताना पत्त्यासाठी आधार, पासबुक, पासपोर्ट, वीज-पाणी-गॅसचं किमान वर्षभराचं बिल, नोंदणीकृत भाडेकरार असं काहीही एक चालतं. तेही अर्जदाराच्या नावावर नसेल तर आईवडील किंवा नवराबायकोच्या नावावरचं चालतं. यातलं काहीच नसेल तर बीएलओने प्रत्यक्ष जाऊन खात्री करायची असते. काही बीएलओ तरीही सोसायटीचं पत्र मागतात, हे मला माहीत आहे. शाळा सांभाळून हजार-बाराशे नावांचा भाग बघायचा असतो, हातात शिक्क्याचा कागद आला की काम हलकं होतं. तुम्ही 'अमुक व्यक्ती इथे राहते' एवढं एका ओळीचं पत्र दिलंत तर दोघांचीही सोय होईल. नाही दिलंत म्हणून कुणाचा अर्ज फेटाळता येत नाही. आणि घरमालकांची नेहमीची धास्ती, की यादीत नाव आलं म्हणजे भाडेकरू घरावर हक्क सांगणार, तिलाही आधार नाही. मतदार यादीतून घराचा कसलाही हक्क निर्माण होत नाही.

पण तुमच्याकडचं भांडण पत्राचं नाहीच. मत कशाला चिकटलेलं असतं, घराला, कराला, शिक्षणाला की माणसाला, यावर ते आहे. सोसायटी चालवणाऱ्यांचा इथे गोंधळ होणं स्वाभाविक आहे, कारण सोसायटीच्या सभेत भाडेकरूला मत नसतं. तिथे मत सभासदत्वाचं आहे. मात्र तिथेही एक सभासद एक मत, वन बीएचकेवाल्याला एक आणि टेरेस फ्लॅटवाल्यालाही एकच. चौरस फुटांप्रमाणे मतं मोजा, असं तुमच्या त्या सभासदांनी वार्षिक सभेत कधी म्हटलंय का, विचारून बघा.

करदात्यालाच मत, ही कल्पना नवी नाही. ती आपल्याकडे प्रत्यक्षात होती. एकोणिसाव्या शतकात मुंबई महापालिकेत निवडणूक सुरू झाली ती करदात्यांपुरतीच. प्रांतिक कायदेमंडळांसाठी १९१९च्या कायद्याने मताधिकार दिला तो मालमत्ता, सारा, प्राप्तिकर असल्या अटी घालून. १९३५च्या कायद्याने दार थोडं आणखी उघडलं, तरी १९३७च्या निवडणुकीत मतदार होते साधारण तीन-साडेतीन कोटी. ज्यांच्या श्रमावर शहर चाले तो चाळीतला मजूर आणि ज्याच्या घामावर सारा भरला जाई तो कूळ-शेतमजूर, दोघेही बहुतांशी यादीबाहेर. मुंबई महापालिकेत प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक व्हायला १९४८ उजाडलं.

आजच्या करांचं बोलायचं तर तुमचा भाडेकरू दरमहा जे भाडं देतो त्यात मालकाचा मालमत्ता कर धरलेलाच असतो. वॉचमन साबण घेतो त्यावर जीएसटी भरतो. करपावती मालकाच्या नावाने फाटते, एवढाच फरक. शिवाय नगरसेवक ज्या गोष्टी बघतो, म्हणजे पाणी, कचरा, नाले, महापालिकेचा दवाखाना, शाळा, त्यांच्यावाचून जास्त कुणाचं अडतं? टँकर मागवण्याची ऐपत असलेल्याचं, की नसलेल्याचं?

शिक्षणाच्या अटीवर मात्र जरा थांबून बोलायला हवं. ती चांगल्या माणसांनाही पटते. घटना समितीत शेवटच्या भाषणात, २६ नोव्हेंबर १९४९ला, राजेंद्रप्रसादांनी खंत व्यक्त केली होती ती अशी की कायदे करणाऱ्यांसाठी काही पात्रता ठेवता आली नाही. लक्षात घ्या, खंत उमेदवारांबद्दलची होती. प्रौढ मताधिकाराची आपल्याला धास्ती वाटत नाही, खेड्यातल्या माणसाला व्यवहारज्ञान भरपूर असतं, असं त्यांनी त्याच भाषणात सांगितलं. म्हणजे निवडून येणाऱ्याला अट असावी का, हा वाद आजही खुला आहे. हरियाणाने पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली आणि २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टिकवली. मला तो निकाल पटत नाही, पण तो वाद वेगळा. निवडून देणाऱ्याला अट घालायची का, हे आपण कधीच निकालात काढलं आहे.

ते निकालात निघालं त्यामागे आपल्याच भागातल्या माणसाचा युक्तिवाद आहे. १९२८मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. आंबेडकरांनी सरसकट प्रौढ मताधिकार मागितला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ज्यांना पिढ्यान् पिढ्या शिकू दिलं नाही त्यांना 'तुम्ही शिकलेले नाही' म्हणून मत नाकारायचं, हा दुहेरी अन्याय आहे. आणि निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३२६ने एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला मत दिलं, आणि ६१व्या घटनादुरुस्तीने १९८९मध्ये वय अठरावर आलं. १९५१च्या जनगणनेत साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास होती आणि पहिल्या निवडणुकीच्या यादीत १७ कोटींहून जास्त नावं होती. त्यासाठी चिन्हं आली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली, म्हणजे कागद वाचायची गरजच नको. लोक वाचायला शिकेपर्यंत थांबू, असं त्या प्रशासनाने म्हटलं नाही. मतदानाची पद्धत बदलली.

याहून मोठं कारण मला टेबलामागे बसून कळलं. मतदाराला घातलेली प्रत्येक अट शेवटी एक कागद बनून बीएलओच्या हातात येते. दहावीची अट म्हणजे मार्कशीट. आता ही मार्कशीट कोण आणणार? लग्न होऊन घणसोलीत आलेल्या मुलीची मार्कशीट माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, दोन्ही जुळवायला राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र. गावठाणातली सत्तरीची आगरी आजी, जिच्या कुटुंबाच्या जमिनीवर नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने आपल्या वसाहती उभ्या केल्या, ती शाळेत गेलेलीच नाही. तिला मत नाही आणि तिच्या शेतात उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या दहावी पासला मत आहे, हे कमिटीतल्या त्या गृहस्थांनी तिला तोंडावर सांगून बघावं. आणि कागद बरोबर आहे की नाही हे ठरवणारा माणूस म्हणजे मी. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत साक्षरता चाचण्या होत्या. चाचणी घेणारा कारकून गोऱ्याला सोपा प्रश्न विचारी आणि काळ्याला अडवी. १९६५च्या मताधिकार कायद्याने त्या मोडीत निघायला सुरुवात झाली. इतकी सत्ता कुठल्याही बीएलओच्या हातात द्यावी असं मला वाटत नाही, आणि मी बीएलओंना चांगली ओळखते.

तरीही शिकलेल्यांच्याच मतदानाचा प्रयोग बघायची हौस असेल तर लांब जायला नको. कोकण पदवीधर मतदारसंघ आपलाच आहे. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग मिळून विधान परिषदेची ती एक जागा. मतदार फक्त पदवीधर, तेही पदवी घेऊन तीन वर्षं झालेले. यादी दर वेळी कोरी करून नव्याने बनते, म्हणजे मागच्या वेळी नाव होतं ते या वेळी आपोआप येत नाही. पदवीधरांच्या नोंदणीचा नमुना १८ घेऊन मी ऐरोली-घणसोलीच्या इमारतींतून फिरले आहे. इंजिनियर, डॉक्टर, एमबीए, सगळे दार उघडत आणि 'नंतर या' म्हणत. मतमोजणीला बसलं की आणखी गंमत. पसंतीक्रमाने १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात. पदवीधरांनी टिक करून, सही करून, कुणी मनातला राग लिहून बाद केलेल्या मतपत्रिका मी पाहिल्या आहेत. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या अशाच वेगळ्या जागा होत्या, त्या १९४८च्या कायद्याने रद्द झाल्या. आपल्याकडे अजून आहेत. शिक्षणाने माणूस जास्त जबाबदारीने मत देतो, याचा पुरावा मला तरी या मतदारसंघात दिसला नाही.

बायकांचा अनुभव या सगळ्याला फार जवळचा आहे. १९२१मध्ये मुंबई इलाख्यात बायकांना मत मिळालं, पण मालमत्तेची अट तीच. मालमत्ता नवऱ्याच्या नावावर असल्याने मोजक्याच बायका पात्र ठरल्या. १९३५च्या कायद्याने पात्र मालमत्ताधारकाची बायको म्हणून किंवा साक्षर म्हणून काहींना आत घेतलं. मत मिळालं, ते 'अमक्याची बायको' म्हणून. मग पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी उत्तर भारतात लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगायलाच नकार दिला, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच लिहा म्हणाल्या. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा सुमारे २८ लाख नोंदी यादीतून काढल्या. त्यावर टीका झाली, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका नाव सांगू लागल्या. आज आमच्याकडे उलटी गंमत आहे. सून नाव ठणकावून सांगते, पण माहेरच्या यादीतून ते निघालेलं नसतं आणि सासरच्या यादीत ते आलेलं नसतं. सासूचं नाव व्यवस्थित, मुलांचं व्यवस्थित, ही मधली गायब. घरोघरी जाऊन मी सगळ्यात जास्त अर्ज कुणाचे भरून घेतले असतील तर या सुनांचे.

इथवर मालमत्ता आणि शिक्षण या दोन्ही जुन्या अटी झाल्या, आणि दोन्ही गेलेल्या आहेत. उरलेली अट एकच, राहण्याची. तुमच्या प्रश्नातला खरा गुंता तिथे आहे आणि तिथे मी छातीठोकपणे एक उत्तर देऊ शकत नाही.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०च्या कलम १९प्रमाणे अठरा वर्षं पूर्ण आणि त्या मतदारसंघात 'सर्वसाधारणपणे रहिवासी' एवढंच लागतं. कलम २० त्याची फोड करतं. घर मालकीचं आहे एवढ्यावरून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवास सुटत नाही. किती महिने राहायला हवं याचा आकडा कायद्यात नाही. सहा महिन्यांची अट म्हणून जी सांगतात ती लोकांनीच रूढ केली आहे. त्यामुळे प्रत्येक माणसागणिक बघावं लागतं.

कोपरखैरण्यातला माथाडी कामगार घ्या. वाशीच्या बाजार समितीत पोती उचलतो, घर साताऱ्याकडच्या जावळी किंवा पाटण तालुक्यात, म्हातारे आईवडील तिकडे, बायकोमुलं इथे. पोरांची शाळा इथली, गणपतीला आणि जत्रेला गावी. त्याचं मत कुठलं? मी म्हणेन, जिथे वर्षातले बहुतेक दिवस तो झोपतो तिथलं. तो म्हणेल, जिथे माझी भावकी आहे तिथलं. कायदा त्याला एकच जागा निवडायला लावतो, दोन्ही ठिकाणी नाव ठेवायला मनाई आहे. २०२४च्या लोकसभेला साताऱ्यात ७ मेला मतदान होतं आणि ठाण्यात २० मेला, तेव्हा दोन यादींतल्या नावांचा मोह किती असतो ते मी बघितलं आहे. विधानसभेला दोन्हीकडे एकाच दिवशी, २० नोव्हेंबरला मतदान होतं, तेव्हा बऱ्याच घरांनी मत इथे द्यायचं की तिथे हे घरात बसून ठरवलं. गावाहून गाड्या येतात, फुकट नेतात, हे सगळ्यांना माहीत आहे. दूरस्थ मतदान यंत्र, म्हणजे इथे राहून गावचं मत देण्याचं यंत्र, निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३मध्ये राजकीय पक्षांना बोलावून दाखवायचं ठरवलं, पक्षांनी शंका काढल्या, आणि गाडी तिथेच थांबली. तोवर अशा माणसाला बसच्या तिकिटाने मत द्यावं लागणार.

त्याला एक गोष्ट नक्की सांगा. गावच्या यादीत नाव असेल आणि इथे आणायचं असेल तर नमुना ६ भरायचा नाही, नमुना ८ भरायचा. ६ फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यासाठी. त्यात 'माझं नाव इतर कुठेही नाही' अशी सही असते आणि खोटी निघाली तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. दुबार नावांचा जो गोंधळ दर निवडणुकीला पेपरात येतो, त्यातला बराच भाग हा चुकीचा नमुना भरल्याचा आहे, बदमाशीचा कमी.

रहिवासाची अट निरागस वाटते. पण सगळी गाळणी आता तिथेच होते. दिघ्याच्या दगडखाणीवरचा कामगार, महापे नाक्यावर रोजंदारीला उभा राहणारा, पुलाखाली झोपणारा, यांच्याकडे वीजबिल कुठून येणार? म्हणून आयोगाची सूचना अशी की बेघर माणसासाठी बीएलओने रात्री त्या जागी जाऊन तो तिथे झोपतो का ते बघायचं, एकाहून जास्त रात्री दिसला तर कागद मागायचा नाही. कागदापेक्षा माणूस खरा, हे मानणारी सरकारी सूचना मला दुसरी फारशी माहीत नाही. अमलात किती येते हा प्रश्न आहेच, कारण रात्री नऊनंतर पुलाखाली जायला कुणाला सांगणार, आणि बाई बीएलओला तर नाहीच. यादीतून नाव काढण्याचंही तसंच आहे. १९९५मध्ये लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यादीत आधीपासून असलेलं नाव योग्य धरायचं, नोटीस आणि म्हणणं ऐकल्याशिवाय काढायचं नाही. २०२५मध्ये बिहारच्या विशेष सखोल पुनरीक्षणात, म्हणजे सगळी मतदार यादी नव्याने तपासताना, मसुदा यादीबाहेर राहिलेल्या सुमारे ६५ लाख नावांवरून जो वाद पेटला, तोही शेवटी हाच: कागद दाखवायचं ओझं कुणाच्या डोक्यावर?

एका बाबतीत माझं कायद्याशी पटत नाही, तेही सांगून टाकते. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आणि तळोजा तुरुंग आपल्याच भागात आहेत. आत बहुसंख्य लोक कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१च्या कलम ६२(५)मुळे त्यांना मत देता येत नाही. त्यांचं नाव यादीत राहतं, पण मत नाही. पैसे भरून जामिनावर सुटलेला आरोपी रांगेत उभा राहून मत देतो आणि जामिनाचे पैसे नसलेला आत बसतो. त्याहून विचित्र म्हणजे २०१३च्या दुरुस्तीनंतर हाच कच्चा कैदी तुरुंगातून निवडणूक लढवू शकतो. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरवली, पोलीस बळ आणि सुरक्षेची अडचण सांगून. अडचण खरी आहे. पण पंच्याऐंशी वर्षांवरच्या आजोबांचं मत आम्ही घरी जाऊन पेटीत घेऊन येतो, तर एका तुरुंगात केंद्र उभारणं अशक्य आहे असं मला वाटत नाही.

आता तुमच्या कमिटीकडे. भाडेकरूंना ते राहतात एवढं लिहून द्या. वॉचमनला आधी विचारा, गावच्या यादीत नाव आहे का आणि तिकडे मत द्यायला जातो का. जात असेल आणि त्याला तेच हवं असेल तर त्याला भरीस घालू नका, तो निर्णय त्याचा. इथेच राहतो, केबिनमध्येच झोपतो आणि नाव इथे आणायचं असेल तर नमुना ८. कुणा सभासदाला वाटलं की एखादं नाव खोटं आहे, तर त्याने नमुना ७ भरून रीतसर हरकत घ्यावी, सही करून. खोट्या हरकतीलाही तीच शिक्षा आहे हे त्याला आधी वाचून दाखवा, निम्म्या हरकती तिथेच विरतात. नाव नाकारलं गेलं तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. अठरा पूर्ण होणाऱ्या मुलांसाठी आता वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. इमारतीत अशी पोरं असतील तर त्यांनाही याच वेळी उरकून घ्या.

आणि करपावतीचा मुद्दा काढणाऱ्या सभासदांसमोर तुमच्या इमारतीची मतदार यादी एकदा मोठ्याने वाचा. पुण्याला किंवा परदेशात स्थायिक झालेले, फ्लॅट भाड्याने देऊन फक्त कर भरणारे मालक त्यात निघतील. कलम २०प्रमाणे त्यांचं नाव इथे राहू शकत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर मत नाहीच. भारतीय पासपोर्ट असेल तर नमुना ६अ भरून अनिवासी मतदार म्हणून नाव घालता येतं, मात्र मत द्यायला स्वतः इथे यावं लागतं. पुण्यातल्यांनी नाव तिकडे हलवावं. तुमच्या भागाच्या बीएलओचं नाव आणि फोन आयोगाच्या संकेतस्थळावर मिळेल. रविवारी तासभर खाली पार्किंगमध्ये टेबल टाकून बसवा आणि येताना नमुना ८चे कागद जास्त आणायला सांगा.